कोहेरंट रिसीव्हर कॅलिब्रेशन: दोन जुने लेझर, एक उधारीचा स्कोप आणि आठ आठवडे

पुढे कोणी हेच काम हातात घेतलं तर त्याचे निदान चार दिवस वाचावेत म्हणून या नोंदी. रोज संध्याकाळी वहीत खरडलेलं आहे, टाइप करताना फक्त शिव्या काढल्यात. थिअरी पुस्तकात मिळते, ती इथे नाही.

काम थोडक्यात असं: कोहेरंट रिसीव्हरच्या (फायबरमधून आलेला प्रकाश दुसऱ्या लेझरच्या प्रकाशात मिसळून वाचणाऱ्या यंत्राच्या) एका तोंडात सिग्नल लेझर घालायचा, दुसऱ्यात एलओ म्हणजे लोकल ऑसिलेटर लेझर. दोघांच्या फ्रिक्वेन्सीत थोडा फरक ठेवला की चारही लेनवर (एक्स-आय, एक्स-क्यू, वाय-आय, वाय-क्यू; एक्स आणि वाय ही प्रकाशाची दोन पोलरायझेशन म्हणजे कंपनाच्या दिशा, आय आणि क्यू हे प्रत्येकाचे दोन भाग) त्या फरकाइतक्या फ्रिक्वेन्सीची साइन वेव्ह येते, आम्ही तिला नुसतं 'बीट' म्हणतो. आय आणि क्यू यांच्यात बरोबर ९० अंश हवेत, दोघांची उंची सारखी हवी आणि दोघं एकाच वेळी पोचायला हवेत. यातलं काय किती चुकतंय ते मोजायचं आणि आकडे डीएसपी (रिसीव्हरच्या चुका आकडेमोडीने दुरुस्त करणारा प्रोग्राम) लिहिणाऱ्या मुलांना द्यायचे. ऐकायला आठवडाभराचं काम वाटतं ना, मलाही वाटलं होतं.

३ जुलै २०२५, गुरुवार

सामान गोळा केलं. रिसीव्हर आधीच्या प्रोजेक्टमधला, ३२ गिगाबॉडवाला, इव्हॅल्युएशन बोर्डवर बसवलेला. दोन ट्युनेबल लेझर आयटीएलए प्रकारचे (लेझर आणि त्याचं नियंत्रण एकाच मॉड्यूलमध्ये), सेकंडहँड, दोन्ही मिळून ४१,००० रुपये आणि वर कस्टम्स. पॉवर मीटर आणि २६.५ गिगाहर्ट्झचा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर आमच्याच लॅबमधला. स्कोप (ऑसिलोस्कोप) मात्र शेजारच्या डिपार्टमेंटचा, १३ गिगाहर्ट्झ बँडविड्थ, चारही चॅनलवर सेकंदाला ४० अब्ज सॅम्पल घेणारा, आणि तो फक्त दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी २ ते ६ मिळणार. म्हणजे अख्ख्या महिन्यात जेमतेम ३५ तास, हे तेव्हा कागदावर मांडलं असतं तर सरांना 'जुलैअखेर होईल' असं सांगितलं नसतं.

लेझर सिरियलवर बोलतात, ९६०० बॉड, प्रत्येक पॅकेट चार बाइटचं आणि त्यात चार बिटांचा चेकसम (पॅकेट नीट पोचलं का ते तपासायला). चेकसम चुकला तर मॉड्यूल काम करत नाही आणि आपण केबल तपासत बसतो. मी बसले, दीड तास. नंतर कळलं की चेकसमचे चार बिट पहिल्या बाइटच्या वरच्या अर्ध्यात जातात आणि मी खालच्या अर्ध्यात टाकत होते.

आमच्याकडे पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी लाइट बंद असते, त्यामुळे ११ वाजता गेली ती ४ ला आली. यूपीएसवर लेझर चालले असते पण एसी बंद, आणि तापमान हलत असताना लेझरचं काहीही मोजण्यात अर्थ नाही. घरी गेले.

५ जुलै, शनिवार

दोन्ही लेझर लागले. पॉवरचं रजिस्टर शंभरपटीत असतं, म्हणजे १० डीबीएम (पॉवरचं माप, १० डीबीएम म्हणजे १० मिलिवॉट) हवे असतील तर १००० लिहायचं. बारीक ट्युनिंगचं रजिस्टर (हेक्समध्ये ६२) मेगाहर्ट्झमध्ये. त्यात वजा ३००० मेगाहर्ट्झ लिहायला गेले तर स्क्रिप्ट कोसळली, कारण ते १६ बिटांचं चिन्हासकट रजिस्टर आहे आणि माझं पायथन निमूटपणे धन आकडे पाठवायला लिहिलेलं. वजा ३००० म्हणजे ६५५३६ मधून ३००० वजा, ६२५३६ पाठवायचं. दोन ओळींची दुरुस्ती. आमच्या लेझरांना या रजिस्टरने दोन्ही बाजूंना ६ गिगाहर्ट्झ सरकवता येतं. त्यापलीकडे जायचं तर चॅनल बदलावा लागतो, तेव्हा लेझर अंधारात जातो आणि पुन्हा लॉक व्हायला काही सेकंद घेतो. हे लक्षात ठेवा, स्वीपच्या वेळी हेच छळतं.

८ जुलै, मंगळवार

स्कोपचा पहिला दिवस. वाया.

एलओ लेझर १३ डीबीएम देत होता आणि पॅचकॉर्डच्या दुसऱ्या टोकाला ८.६. एका जोडणीत ४ डीबीच्या वर गेले म्हटल्यावर काहीतरी ढोबळ चुकलेलं असणार. चुकलेलं होतं. हिरवा कनेक्टर निळ्याला भिडवला होता. हिरव्याचं टोक ८ अंशात तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं जवळजवळ सरळ, दोन्ही एकाच अडॅप्टरमध्ये आरामात बसतात आणि 'टिक' असा आवाजही येतो. ज्युनिअरने लावलं म्हणून त्याच्यावर डाफरले, मग आठवलं की ती पॅचकॉर्ड ड्रॉवरमधून मीच काढून दिली होती. मायक्रोस्कोपखाली टोकावर ओरखडा दिसला. पोलरायझेशन मेंटेनिंग पॅचकॉर्ड, ४,२०० रुपये, कचऱ्यात.

मायक्रोस्कोपवरून आठवलं, टोक बघण्याआधी लेझर बंद आहे हे सॉफ्टवेअरमध्ये नाही, पॉवर मीटरवर बघा. १५५० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही आणि १३ डीबीएम म्हणजे २० मिलिवॉट. 'बंद केलाय ताई' या वाक्यावर विश्वास ठेवायचा नाही.

११ जुलै, शुक्रवार

दोन्ही लेझर १९३.१ टेराहर्ट्झवर (१५५२.५२ नॅनोमीटर) सेट केले, सिग्नलला वर १ गिगाहर्ट्झ सरकवला. स्कोपवर १ गिगाहर्ट्झच्या आसपास काहीच नाही. अर्धा तास पोलरायझेशन, केबल, ट्रिगर सगळं तपासून झालं. मग एक लेन स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरला लावून पूर्ण स्पॅन उघडला तर बीट २.७ गिगाहर्ट्झवर आरामात बसलेली. जुन्या लेझरांना १९३.१ सांगितलं म्हणजे ते नेमके १९३.१ वर जातातच असं नाही, गिगाहर्ट्झ-दोन गिगाहर्ट्झ इकडेतिकडे चालायचंच. इतका फरक तरंगलांबीत बघायला जाऊ नका, या भागात १ गिगाहर्ट्झ म्हणजे साधारण ८ पिकोमीटर, साध्या ऑप्टिकल स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर दोन्ही लेझर एकच रेघ दिसतात.

तेव्हापासून नियम केला की सांगितलेली फ्रिक्वेन्सी फाइलमध्ये लिहायचीच नाही, मोजलेली बीट लिहायची.

बीट सापडली पण खाली सरकत होती, चाळीस मिनिटांत २.७० वरून २.४६ वर आली. लेझर अजून गरम होत होते. आता लेझर १ वाजता चालू करून ठेवते, स्कोप २ ला मिळतो.

सिग्नल एलओच्या वर आहे की खाली हे बीटवरून कळत नाही, कारण फरक तेवढाच. सिग्नल ५०० मेगाहर्ट्झ वर सरकवा, बीट वाढली तर वर आहे, कमी झाली तर खाली. हे प्रत्येक वेळी करा, 'मला माहितीये कुठे आहे' म्हणू नका.

जाता जाता आणखी एक घोटाळा. लाटांची डोकी चपटी दिसत होती आणि एफएफटीमध्ये (लाटेतल्या फ्रिक्वेन्सी सुट्या करून दाखवणारा हिशेब) तिसरं हार्मोनिक, म्हणजे तिप्पट फ्रिक्वेन्सीची रेघ, भलं मोठं. अ‍ॅटेन्युएटर (पॉवर कमी करणारा) न लावता सिग्नल ० डीबीएमने आत सोडला होता. एलओ १० आणि सिग्नल वजा १० डीबीएम केल्यावर लाटा शहाण्यासारख्या गोल झाल्या.

१५ जुलै, मंगळवार

आज मजा आली. स्कोप एक्स-वाय मोडला टाकून एक्स-आय आडवा, एक्स-क्यू उभा लावला आणि स्क्रीनवर वर्तुळ उमटलं. म्हणजे वर्तुळ नव्हे, किंचित तिरकं लंबवर्तुळ, पण दहा दिवसांनी काहीतरी गोल दिसलं याचाच आनंद इतका की लॅबमधल्या मामांनाही बोलावून दाखवलं. मामा म्हणाले, 'अंड्यासारखं दिसतंय.' बरोबरच होतं, आणि त्या अंड्यातच सगळी माहिती असते. किती तिरकं यावरून फेजची चूक आणि किती चपटं यावरून उंचीतला फरक.

पण आकडा वाईट निघाला. १ गिगाहर्ट्झ बीटला आय-क्यूमधला कोन ९७.९ अंश. डेटाशीटमध्ये ९० अधिक-उणे ५. पाच वेळा मोजलं, पाचही वेळा ९७.८ ते ९८.०. सरांना फोन केला, सर म्हणाले हायब्रिडच (दोन्ही लेझर मिसळून आय-क्यू वेगळे करणारा रिसीव्हरमधला भाग) खराब असेल, बोर्ड ज्यांच्याकडून आला त्यांना लिहा. मी संध्याकाळी बसून कडक शब्दांत मेल लिहिला आणि सकाळी पुन्हा वाचून पाठवू म्हणून ड्राफ्टमध्ये ठेवला. ही या प्रोजेक्टमधली माझी सगळ्यात शहाणपणाची कृती.

१६ जुलै, बुधवार

स्कोप नाही, कागद-पेन्सिल. आय आणि क्यूमधली फेज दोन कारणांनी बिघडते. एक म्हणजे हायब्रिडचा कोनच चुकलेला असणं. दुसरं म्हणजे क्यू काही पिकोसेकंद उशिरा पोचणं, ज्याला स्क्यू म्हणतात. एकाच बीटवर मोजलं तर दोन्ही मिसळून येतात आणि वेगळे करता येत नाहीत, आणि मी काल नेमकं तेच करून बोर्डावर खापर फोडायला निघाले होते.

सिग्नल एलओच्या खाली नेला तर क्यू पुढे असायचा तो मागे जातो, म्हणजे ९० अंशाचं चिन्ह उलटतं आणि त्याच्याबरोबर हायब्रिडच्या चुकीचंही. पण उशीर हा उशीरच, केबलला काय माहीत सिग्नल वर आहे की खाली. म्हणून चिन्ह सोडून नुसत्या कोनाचे आकडे घेतले तर एका बाजूला स्क्यू मिळवला जातो आणि दुसऱ्या बाजूला वजा होतो. दोन्हींची सरासरी म्हणजे हायब्रिडचा खरा कोन आणि फरकाचा अर्धा म्हणजे स्क्यू. हे करायला दोन ट्युनेबल लेझर लागतात ते याचसाठी, एक लेझर दुसऱ्याच्या डाव्या-उजव्या दोन्ही अंगांना सहज नेता आला पाहिजे.

१८ जुलै, शुक्रवार

मोजलं. वर १ गिगाहर्ट्झला ९७.९, खाली १ गिगाहर्ट्झला ८५.७. सरासरी ९१.८, म्हणजे हायब्रिडची चूक फक्त १.८ अंश, एकदम निर्दोष. फरकाचा अर्धा ६.१ अंश, १ गिगाहर्ट्झला १ पिकोसेकंद म्हणजे ०.३६ अंश, तर स्क्यू १७ पिकोसेकंद. मेल ड्राफ्टमधून उडवला.

पण १७ सुद्धा जास्तच. हा उशीर रिसीव्हरचा की केबल आणि स्कोपचा? बोर्डाकडची टोकं सोडवून केबल अदलाबदल केल्या, आयची क्यूला आणि क्यूची आयला. रिसीव्हरचा उशीर तसाच राहतो, केबल-स्कोपचा उलटतो. आकडा आला वजा १०.६. बेरजेचा अर्धा ३.२, वजाबाकीचा अर्धा १३.८. म्हणजे रिसीव्हर बिचारा ३.२ पिकोसेकंदांचा धनी आणि बाकीचे १३.८ आमचे स्वतःचे. चोर सोडून संन्याशाला फाशी.

केबलमध्ये १ मिलिमीटर म्हणजे ढोबळमानाने ५ पिकोसेकंद. १३.८ साठी जवळजवळ ३ मिलिमीटरचा फरक लागेल, तर टेपने मोजायला घेतल्या, दोन्ही सारख्या. मग स्कोपच्या चॅनल मेनूत आत आत जाऊन बघितलं तर चॅनल २ वर १२ पिकोसेकंदांचं डीस्क्यू (केबलचा उशीर भरून काढायची सेटिंग) घातलेलं! आधी वापरणाऱ्या कोणीतरी स्वतःच्या केबलसाठी टाकलेलं आणि तसंच सोडलेलं. शून्य केलं, पुन्हा मोजलं, सरळ ५.० आणि अदलाबदलीनंतर १.४, रिसीव्हर परत ३.२, केबलचे राहिले १.८. आकडे जुळल्यावर जे वाटलं ते लिहिता येत नाही. तीन स्कोप-दिवस गेले होते ते एका मेनूत बसले होते.

२२ जुलै, मंगळवार

तोच प्रयोग पुन्हा केला तर ३.२ ऐवजी ४.१. कनेक्टर हाताने आवळत होते, कधी जास्त कधी कमी. टॉर्क पाना आणला (दुसऱ्या लॅबमधून, उधार), २.९२ मिलिमीटरवाल्या कनेक्टरला ०.९ न्यूटन-मीटर. पाना वापरून सहा वेळा काढ-घाल केली तेव्हा सगळे आकडे ३.० ते ३.४ मध्ये. अडॅप्टर फिरवायचा नाही, फक्त नट फिरवायचा, हे मामांनी मला शिकवलं.

दुसरी गोष्ट, कॅप्चर किती लांब घ्यायचं. मी सुरुवातीला 'जास्त डेटा चांगला' म्हणून एक मिलिसेकंद घेत होते, म्हणजे चार चॅनलवर प्रत्येकी ४ कोटी सॅम्पल, फाइल उघडतानाच लॅपटॉप रडायचा, आणि एफएफटीमध्ये बीटची रेघ पसरट यायची. हे लेझर स्वतःची फ्रिक्वेन्सी धरून ठेवायला मुद्दाम थोडी हलवत राहतात, डिदर म्हणतात त्याला, शिवाय दोन वेगळ्या लेझरांचा फेज नॉइज आहेच. २ मायक्रोसेकंदच घेतले, ८०,००० सॅम्पल, १ गिगाहर्ट्झच्या २,००० लाटा. तेवढ्या वेळात लेझर कुठे पळून जात नाही. अशी पन्नास छोटी कॅप्चर घेऊन सरासरी काढायची. नंतर कळलं की आमच्या मॉड्यूलमध्ये डिदर बंद करायचा मोडही आहे. मोजण्यापुरता तो लावला.

२५ ते २९ जुलै

ही नोंद लिहायला लाज वाटते.

काम होतं लेनचा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स. बीट अर्ध्या गिगाहर्ट्झपासून वर नेत जायची आणि प्रत्येक ठिकाणी लाटेची उंची लिहायची. शुक्रवारी दुपारभर बसून ०.५ ते १२ गिगाहर्ट्झ केलं. रेघ सपाट, पूर्ण पट्ट्यात ०.३ डीबीच्या आत, चारही लेन एकमेकांवर तंतोतंत बसलेल्या. ग्राफ ग्रुपवर टाकला, सरांनी अंगठा दिला. शनिवार-रविवार त्याचं सुंदर पान तयार केलं.

सोमवारी रात्री झोपताना डोक्यात आलं की चार लेन इतक्या तंतोतंत सारख्या कधी नसतात आणि १२ ला रिसीव्हर थोडा तरी खाली यायला हवा, मग माझी रेघ सपाट कशी? मंगळवारी पहिलं काम म्हणून अ‍ॅटेन्युएटर ३ डीबीने वाढवला. स्कोपवरची लाट ढिम्म. तेवढीच.

रिसीव्हरमधला अ‍ॅम्प्लिफायर ऑटोमॅटिक गेनवर होता. आउटपुटची उंची ठरावीक ठेवणं हेच त्याचं काम. मी सिग्नल कमी केला की तो गेन वाढवणार, बीट वर नेली की तो हळूच भरून काढणार, एका लेनमध्ये तोटा असेल तर तोही झाकणार. मी चार दिवस त्याच्या प्रामाणिकपणाचा ग्राफ काढत होते. बोर्डवर मॅन्युअल गेनसाठी एक जंपर आणि गेनचा व्होल्टेज द्यायला पिन आहे. ते केल्यावर एक्स-आय आणि एक्स-क्यूमध्ये ०.४ डीबीचा फरक दिसला, जो आधी शून्य होता. आधीचं सगळं उंचीचं काम रद्द. फेजचे आकडे मात्र तसेच राहिले, ते मी खात्री करायला पुन्हा मोजले.

सरांना सांगितलं. 'अरे वा, सापडलं ना,' एवढंच म्हणाले. ग्रुपवरचा ग्राफ डिलीट केला, पण अंगठा आठवतोय.

१ ऑगस्ट, शुक्रवार

१२ गिगाहर्ट्झच्या वर स्कोपच्या भरवशावर राहता येत नाही म्हणून उंचीचं काम स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर हलवलं, एका वेळी एक लेन, केबलचा तोटा वेगळा मोजून वजा. फेज मात्र स्कोपवरच. फायदा असा की अ‍ॅनालायझर आमचा आहे, रात्री ९ पर्यंत बसता येतं.

वर जायला चॅनल बदलावा लागतो, आणि दर वेळी लेझर परत लागला की त्याची पॉवर एक-दोन दशांश डीबी वेगळी. म्हणून सिग्नलच्या वाटेत १० टक्के प्रकाश बाजूला काढणारा टॅप कपलर घालून पॉवर मीटर लावला आणि प्रत्येक बिंदूला तो आकडा लिहून दुरुस्ती केली. दुरुस्तीनंतर ग्राफ आधीपेक्षा वाकडा! कारण मी ऑप्टिकल १ डीबीला इलेक्ट्रिकल २ डीबी धरत होते. नुसत्या फोटोडायोडवर ते खरं आहे, पण इथे एलओ स्थिर आहे आणि बीटची उंची सिग्नल पॉवरच्या वर्गमुळाने वाढते, म्हणजे ऑप्टिकल १ डीबीला इलेक्ट्रिकल १ डीबीच. एक २ काढून टाकला आणि ग्राफ सरळ झाला.

तरी दर ३ गिगाहर्ट्झच्या आसपास एक लाट उरली, पाऊण डीबीची. लेनला दोन टोकं असतात, पी आणि एन (एकच सिग्नल सुलटा आणि उलटा), आणि मी फक्त पी वापरत होते. एनची चारही टोकं उघडी. तिथून सिग्नल परत फिरतो आणि आतल्या आत गोंधळ घालतो. ५० ओहमचे टर्मिनेटर लावले, लाट ०.२ च्या खाली. एक ३,५०० चा, असे चार, १४,००० रुपये, आणि हे पहिल्या दिवशीच्या यादीत असायला हवे होते. सरांनी बिलावर सही करताना काही विचारलं नाही.

आता ३ डीबीचा बिंदू २२ गिगाहर्ट्झच्या आसपास येतोय. वाय-क्यू मात्र १८ च्या पुढे बाकीच्यांपेक्षा १ डीबी खाली आहे. केबल बदलून पाहिली, तशीच. लेनच तशी आहे.

८ ऑगस्ट, शुक्रवार

वाय बाजूकडे वळले. सिग्नलचं पोलरायझेशन तीन पॅडलच्या कंट्रोलरने फिरवून एक्स आणि वाय सारखे करायचे. पाच मिनिटांत झालं, आणि सातव्या मिनिटाला वाय अर्धा. पुन्हा केलं, पुन्हा गेला. फायबर टेबलाच्या कडेवरून लोंबत होता आणि एसीचा झोत थेट त्यावर. सगळा फायबर टेबलाला कागदी टेपने चिकटवला, वर फोमचा तुकडा ठेवला. बरंच थांबलं.

साडेपाचला मात्र बीटची रेघ एकदम झाडूसारखी पसरली, पोलरायझेशनही थरथरायला लागलं. मी पॉवर सप्लायला दोष देत होते, तेवढ्यात ज्युनिअर म्हणाला, 'ताई, ऐका.' मागच्या मैदानात ढोल-ताशा पथकाचा सराव सुरू झाला होता. गंमत नाही, फायबर आणि लेझरची पोकळी दोन्ही मायक्रोफोनसारखी वागतात, आणि चाळीस-पन्नास ढोल म्हणजे टेबलाच्या पायातून येणारा धक्का. ताल अक्षरशः स्क्रीनवर दिसत होता, ज्युनिअरने त्याचा व्हिडिओही काढला. टेबलाच्या पायांखाली रबराचे तुकडे ठेवले, थोडा फरक पडला. खरा उपाय म्हणजे ५ च्या आधी काम संपवणं. पुण्यात ऑगस्टमध्ये ऑप्टिक्स करणाऱ्यांनी वेळापत्रक तसंच आखावं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

एक्स आणि वाय यांच्यातला स्क्यू. इथे अडचण वेगळी. आय-क्यूमध्ये ९० अंश हे निदान माहीत असतं, एक्स आणि वायमधली फेज मात्र पोलरायझेशन ज्या क्षणी जसं असेल तशी, कितीही. बीट बदलत नेऊन फेजचा चढ बघितला तर चढावरून स्क्यू मिळतो, पण स्वीपला वीस मिनिटं लागली आणि तेवढ्यात पोलरायझेशन सरकलं की चढ खोटा. पहिल्यांदा १५ पिकोसेकंद आले, दुसऱ्यांदा वजा २.

शेवटी दर दोन बिंदूंनंतर १ गिगाहर्ट्झला परत येऊन संदर्भ मोजायचा असं केलं, आणि सरकलेलं वजा करायचं. शिवाय एलओच्या वर-खाली दोन्ही बाजूंना लागोपाठ मोजलं, तीच जुनी युक्ती, पोलरायझेशनची फेज चिन्ह बदलते आणि उशीर बदलत नाही. दोन्ही पद्धतींनी ६.१ ते ६.६, मी ६.४ धरलं. केबल अदलाबदल इथेही केली, वेगळं सांगत नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

शुक्रवारी १५ ऑगस्ट, सुट्टी. आज तरंगलांबीप्रमाणे हायब्रिडचा कोन. १९६.० टेराहर्ट्झला (१५२९.५५ नॅनोमीटर) एक्सची चूक २.६ अंश, १९३.१ ला १.८, १९१.६ ला (१५६४.६८) १.१. स्क्यू तिन्हीकडे तोच, जसा असायला हवा, तो इलेक्ट्रिकल वाटेचा आहे. डीएसपीवाल्या मुलांना एकच आकडा हवा होता. तीन दिले, मधले सरळ रेषेने काढा म्हटलं. कंटाळवाणा दिवस, काहीही बिघडलं नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पडताळणी. आय आणि क्यू जोडून कॉम्प्लेक्स सिग्नल केला की स्पेक्ट्रममध्ये बीट एकाच बाजूला दिसायला हवी. दुसऱ्या बाजूला जी सावली दिसते ती म्हणजे उरलेली चूक. १० गिगाहर्ट्झला, काहीही दुरुस्ती न करता, एक्सची सावली वजा १८.५ डीबी. १.८ अंश, ३.२ पिकोसेकंद आणि ०.४ डीबी घातल्यावर वजा ३७. उलटीकडून हिशेब केला तरी १८.५ हाच आकडा येतो, म्हणजे मोजलेल्या तीन गोष्टींखेरीज मोठं काही लपलेलं नाही.

मग मुद्दाम लेझर बंद करून, केबल सोडवून, चहा पिऊन येऊन सगळं परत जोडलं आणि तेच आकडे वापरले. वजा ३५. चालेल.

वायवर वजा ३३ च. वाय-क्यूचा तो १ डीबीचा उतार फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलतो, एका आकड्याने दुरुस्त होत नाही, त्याला फिल्टर लागेल. ते डीएसपीवाले करतील म्हणतायत.

२६ ऑगस्ट, मंगळवार

उद्या गणपती, निम्मी लॅब गावाला. फाइल कॉपी केली, केबलना लेन आणि चॅनलची लेबलं चिकटवली, एन टोकांवरचे टर्मिनेटर काढायचे नाहीत असं बोर्डावर लाल पेनने लिहिलं. जंपर मॅन्युअलवरच ठेवला आणि त्याचा फोटो फाइलबरोबर टाकला.

एकूण खर्च लेझर सोडून २१,०००च्या आसपास, त्यातले ४,२०० निव्वळ मूर्खपणाचे. स्कोपवर सोळा दुपारी मिळायच्या, स्वातंत्र्यदिनामुळे पंधरा मिळाल्या, त्यातल्या कामाच्या फार तर सात.

स्कोप परत करताना सगळी सेटिंग डिफॉल्ट केली. शेजारच्या डिपार्टमेंटचा मुलगा घ्यायला आला होता, त्याने चालू करून बघितलं आणि म्हणाला, 'मॅडम, चॅनल २ वर माझं १२ पिकोसेकंदांचं डीस्क्यू होतं, ते कुठे गेलं?'